जॉन बॅकस : यंत्राची ताकद भाषेत उतरवणारा माणूस

नवा संगणक बाजारात आला की जाहिरातीत त्याच्या प्रोसेसरचे गुणगान असते. तो आधीच्यापेक्षा वेगवान असतो, विजेची बचत करतो, मोठमोठी गणिते चुटकीसरशी सोडवतो. प्रत्यक्षात प्रोसेसर हे ठरावीक आज्ञा पाळणारे यंत्र आहे. हा आकडा उचल, त्यात तो मिळव, उत्तर शून्य आले तर अमक्या जागी उडी मार, अशा त्या साध्या आज्ञा असतात. नव्या प्रोसेसरमध्ये त्यांच्या जोडीला काही खास आज्ञा येतात. एखादी आज्ञा एकाच वेळी आठ जोड्यांच्या बेरजा करते, तर एखादी गुणाकार आणि बेरीज एकाच दमात उरकते.

पण नुसती आज्ञा यंत्रात असून भागत नाही. घरात प्रेशर कुकर आणला आणि स्वयंपाक करणाऱ्याला तो कशासाठी आहे हेच ठाऊक नसेल, तर डाळ पातेल्यातच शिजणार. संगणकात हा स्वयंपाकी म्हणजे कंपायलर. माणसाने वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवून देणारा हा दुभाषा. त्याचा पुढचा भाग माणसाची भाषा समजून घेतो आणि मागचा भाग विशिष्ट प्रोसेसरच्या आज्ञा निवडतो. नवी खास आज्ञा या मागच्या भागाला शिकवावी लागते. ती नेमके काय करते, किती वेळ घेते, कुठे वापरली तर फायदा आणि कुठे तोटा, हे सगळे त्याला सांगावे लागते. ते झाले नाही, तर महागडे यंत्र जुन्या यंत्रासारखेच चालते.

हे काम आज जगभर हजारो अभियंते करतात. पण यंत्रातल्या खास आज्ञा माणसाइतक्याच कुशलतेने वापरणारा दुभाषा तयार होऊ शकतो, हे ज्यांनी पहिल्यांदा ठळकपणे दाखवून दिले, ते होते जॉन बॅकस. फोरट्रान या भाषेचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. भाषेपेक्षाही तिचा कंपायलर ही त्यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मोठी कामगिरी होती. गंमत म्हणजे या माणसाला संगणकाच्या वाटेवर आणले ते अपयशाने, एका शस्त्रक्रियेने आणि चांगले संगीत ऐकण्याच्या हौसेने.

डॉक्टर होता होता

बॅकस यांचा जन्म ३ डिसेंबर १९२४ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात झाला. बालपण डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनमध्ये गेले. वडील रसायनतज्ज्ञ होते, पुढे शेअर दलाल झाले. घरी पैशाची ददात नव्हती, पण आई लहानपणीच गेली. अभ्यासात मुलाचे लक्ष नव्हते. पेनसिल्वेनियातल्या नामांकित हिल स्कूलमध्ये त्यांना घातले, तिथे ते दरवर्षी नापास होत आणि उन्हाळी वर्गाला बसून पुढे सरकत. १९४२ साली कसेबसे शिक्षण पुरे करून ते वडिलांच्या इच्छेखातर व्हर्जिनिया विद्यापीठात रसायनशास्त्र शिकायला गेले. सिद्धांत आवडे, प्रयोगशाळा नकोशी वाटे. दुसऱ्या सत्रात तर आठवड्यातून एकदा होणाऱ्या संगीताच्या तासापलीकडे ते कुठे फिरकत नव्हते. विद्यापीठाने त्यांना काढून टाकले.

दुसरे महायुद्ध चालू होते. १९४३ साली ते सैन्यात दाखल झाले. जॉर्जियातल्या फोर्ट स्टुअर्ट येथे विमानविरोधी तोफेच्या तुकडीवर असताना सैन्याने कल चाचणी घेतली. तिच्यात ते इतके चमकले की त्यांना पिट्सबर्ग विद्यापीठात अभियांत्रिकीसाठी पाठवण्यात आले. पुढे वैद्यकीय कल चाचणी झाली, तिच्यातही ते उत्तम ठरले आणि हॅवरफर्ड महाविद्यालयात वैद्यकपूर्व अभ्यासासाठी त्यांची रवानगी झाली. या शिक्षणाचा भाग म्हणून अटलांटिक सिटीतल्या एका रुग्णालयात, डोक्याला जखमा झालेल्या रुग्णांच्या विभागात त्यांनी काम केले. तिथेच योगायोगाने त्यांच्या स्वतःच्या कवटीच्या हाडात गाठ असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेने ती काढली आणि तेवढ्या जागी धातूची पट्टी बसवण्यात आली.

१९४५ साली ते न्यूयॉर्कमधल्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. नऊ महिन्यांत त्यांचा उत्साह मावळला. तिथले शिक्षण त्यांना नुसते पाठांतराचे वाटले. तर्काने काही शोधून काढावे असा त्यांचा पिंड होता. दरम्यान कवटीतली पट्टी नीट बसत नव्हती. तेव्हा अशा पट्ट्या कशा तयार करतात हे त्यांनी शिकून घेतले, स्वतःसाठी नव्या पट्टीची रचना करायला हातभार लावला आणि ती दुसऱ्या शस्त्रक्रियेत बसवून घेतली. पाठांतराला कंटाळलेला हा विद्यार्थी हातातला प्रश्न सोडवायचा असला की किती मन लावतो, याची चुणूक इथे दिसते. वैद्यकशास्त्र मात्र सुटले ते सुटलेच.

एक फाटकी बाही आणि एक नोकरी

सैन्यातून सुटल्यावर ते न्यूयॉर्कमध्ये एका लहानशा खोलीत राहू लागले. पुढे काय करायचे हे ठरलेले नव्हते. संगीत उत्तम ऐकू येईल असे यंत्र हवे होते आणि त्या काळी ते तयार मिळत नसे, म्हणून ते रेडिओ दुरुस्तीच्या शाळेत जाऊ लागले. तिथल्या शिक्षकांनी एका ध्वनिवर्धकाच्या आलेखासाठी काही बिंदूंची आकडेमोड करायला सांगितले. काम किचकट होते, पण त्या आकडेमोडीतून गणिताची गोडी लागली. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी गणिताची पदवी घेतली आणि पाठोपाठ पदव्युत्तर शिक्षणही पूर्ण केले.

त्याच दिवसांत मॅडिसन अव्हेन्यूवरच्या आयबीएम कंपनीच्या केंद्रात एक अजस्र गणनयंत्र लोकांना दाखवण्यासाठी मांडलेले होते. हजारो निर्वात नळ्या आणि हजारो रिले असलेले ते यंत्र रस्त्यावरूनही दिसे. बॅकस ते बघायला गेले आणि माहिती सांगणाऱ्या बाईंना सहज म्हणाले की आपण नोकरीच्या शोधात आहोत. त्यांनी लगेच वरच्या साहेबांना भेटण्याचा आग्रह धरला. अंगातल्या कोटाची बाही फाटलेली, त्यामुळे बॅकस संकोचले. पण भेट झाली, रेक्स सीबर यांनी काही गणिती कोडी घातली, बॅकस यांनी ती सोडवली आणि १९५० साली ते आयबीएममध्ये रुजू झाले.

त्या यंत्रावर त्यांनी चंद्राच्या स्थानांचे गणित करण्याचे काम केले. यंत्र वरचेवर चुकून थांबे. आज्ञावली लिहिणाऱ्याने यंत्राशेजारी ठाण मांडून बसायचे, थांबले की कारण शोधायचे, पुन्हा सुरू करायचे, असा दिनक्रम. बॅकस यांना हे काम आवडे, पण आज्ञावली लिहिण्यातला रटाळपणा आवडत नसे. आपल्या शोधामागे आपला आळस होता, असे ते पुढे गमतीने सांगत.

नव्या यंत्राने उघडे पाडलेले पितळ

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमने ७०१ हा संगणक काढला. त्यात एक मोठी अडचण होती. वैज्ञानिक गणितात फार मोठ्या आणि फार लहान संख्या एकत्र येतात. सूर्याचे अंतर आणि अणूचा आकार एकाच समीकरणात असू शकतात. अशा संख्या अंक आणि घात अशा दोन भागांत लिहिण्याच्या पद्धतीला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात. ७०१ ला ही पद्धत येत नव्हती. दोन अशा संख्यांची नुसती बेरीज करायची तरी अनेक साध्या आज्ञांची माळ लिहावी लागे. शिवाय संख्यांच्या लांबलचक यादीतल्या प्रत्येक संख्येवर तेच काम करायचे झाले, तर आज्ञेतला पत्ता दरवेळी स्वतःच बदलत बसावे लागे.

१९५३ साली बॅकस यांनी यासाठी स्पीडकोडिंग नावाची व्यवस्था तयार केली. तिच्यामुळे ७०१ ला फ्लोटिंग पॉइंट येत असल्याचा आभास निर्माण होई. लिहिणाऱ्याचे श्रम खूप वाचत, पण यंत्राचा वेळ जाई. प्रत्येक ओळ चालवताना मधला दुभाषा पुन्हा पुन्हा तिचा अर्थ लावत बसे. तरीही कोणी फार तक्रार करत नसे. कारण फ्लोटिंग पॉइंटची आकडेमोड मुळातच इतकी संथ होती की दुभाष्याचा वेळ तिच्यात खपून जाई.

पुढचा संगणक होता ७०४. त्याची घोषणा १९५४ साली झाली. त्याच्या रचनेत जीन अॅमडाल यांच्याबरोबर बॅकस यांचाही सहभाग होता. स्पीडकोडिंगने जे आभासाने दाखवले, ते यात प्रत्यक्ष आले. फ्लोटिंग पॉइंटच्या बेरीज-गुणाकारासाठी खास आज्ञा आल्या. यादीतल्या पुढच्या संख्येकडे सरकण्यासाठी तीन इंडेक्स रजिस्टरे आली. आज्ञेतला पत्ता तसाच ठेवून रजिस्टरमधला आकडा बदलला की काम भागे. फेरा संपला की नाही हे तपासून मागे उडी मारण्याचे कामही एकाच आज्ञेत होई.

या खास आज्ञांनी जुन्या सोयीचे पितळ उघडे पाडले. आकडेमोड आता कित्येक पटींनी जलद झाली होती, म्हणून दुभाष्याचा प्रत्येक क्षण डोळ्यांवर येऊ लागला. मधला दुभाषा ठेवला तर नव्या यंत्राचा वेग वाया जाणार आणि तो काढला तर माणसांना पुन्हा यंत्राच्या आज्ञा हाताने लिहाव्या लागणार, असा पेच होता. त्या काळी संगणक चालवण्याच्या एकूण खर्चापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश खर्च आज्ञावली लिहिणे आणि तिच्यातल्या चुका शोधणे यांवर जाई, असा हिशेब होता. यंत्रे स्वस्त होत जाणार आणि माणसांचा वेळ महागत जाणार हेही दिसत होते.

१९५३ च्या अखेरीस बॅकस यांनी वरिष्ठ अधिकारी कथबर्ट हर्ड यांना एक टिपण पाठवले. प्रस्ताव असा, की गणिताच्या सूत्रांसारखे लिहिलेले मजकूर संगणकानेच, चालवण्यापूर्वी एकदाच, यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवावेत. आयबीएमचे सल्लागार असलेले थोर गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांना ही कल्पना फारशी पटली नव्हती. कसलेले आज्ञावलीकारही नाक मुरडत होते. रजिस्टरे कशी वापरायची, कुठली आज्ञा वाचवायची, हे कसब यंत्राला जमणार नाही, असे त्यांना ठामपणे वाटे. तरीही हर्ड यांनी परवानगी दिली.

तीन खुंट्या आणि असंख्य कपडे

बॅकस यांनी माणसे जमवली ती बघण्यासारखी आहेत. आयर्विंग झिलर आणि हार्लन हेरिक सुरुवातीपासून होते. रॉबर्ट नेल्सन टंकलेखनाच्या कामासाठी आले आणि उत्तम आज्ञावलीकार ठरले. लोइस हेब्ट नुकत्याच महाविद्यालयातून बाहेर पडल्या होत्या. शेल्डन बेस्ट एमआयटीतून, रॉय नट युनायटेड एअरक्राफ्टमधून आले. डेव्हिड सेअर हे स्फटिकशास्त्रज्ञ. स्फटिकावरून रेणूची रचना शोधण्यात उपयोगी पडणारे त्यांचे समीकरण १९५२ साली प्रसिद्ध झाले होते. याच सेअर यांनी पुढे फोरट्रानची माहितीपुस्तिका लिहिली. पीटर शेरिडन, रिचर्ड गोल्डबर्ग, रॉबर्ट ह्यूज हेही या चमूत होते.

भाषा काय असावी यावर त्यांनी फार वेळ घालवला नाही. खरा कस कंपायलरमध्ये लागणार हे त्यांना माहीत होते. त्यांची कसोटी कडक होती. कंपायलरने तयार केलेली आज्ञावली माणसाने हाताने लिहिलेल्या आज्ञावलीच्या निम्म्या वेगाने जरी चालली, तरी हा प्रयोग फसला असे लोक म्हणणार आणि मग पुढची अनेक वर्षे कोणी अशा भाषेला हात लावणार नाही, ही भीती होती. त्यामुळे ७०४ ची प्रत्येक खास आज्ञा योग्य जागी वापरली जाईल, हेच ध्येय ठरले.

कंपायलरचे सहा विभाग झाले. पहिला विभाग सूत्रे वाचून त्यांचे तुकडे करी. दुसऱ्यात नेल्सन आणि झिलर यांनी याद्या आणि कोष्टके यांचा प्रश्न घेतला. समजा, शंभर ओळी आणि शंभर स्तंभांच्या कोष्टकातली संख्या हवी आहे. तिचा पत्ता काढायला दरवेळी गुणाकार करावा लागतो. पण फेऱ्याफेऱ्याने ओळीतून पुढे सरकत असू, तर पत्ता ठरावीक अंतराने वाढतो, गुणाकाराची गरजच नसते. कुशल माणूस हे जाणून इंडेक्स रजिस्टरमध्ये फक्त तेवढी भर घालतो. तेच कंपायलरने ओळखावे, अशी योजना होती. ७०४ चे वैशिष्ट्य असे, की रजिस्टरमधला आकडा पत्त्यात मिळवला जात नसे, तो वजा होई. म्हणून फोरट्रानची कोष्टके स्मृतीत चक्क उलटी मांडली गेली. लिहिणाऱ्याला याचा पत्ताही लागत नसे. यंत्राचा तऱ्हेवाईकपणा सगळा पडद्याआड राहिला.

पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. रजिस्टरे तीनच आणि त्यांत ठेवायच्या गोष्टी कितीतरी. म्हणजे भिंतीला तीन खुंट्या आणि टांगायला घरभर कपडे. कंपायलरचे आधीचे विभाग रजिस्टरे हवी तितकी आहेत असे समजून काम करत. मग लोइस हेब्ट यांचा विभाग आज्ञावलीत कुठून कुठे उड्या आहेत याचा नकाशा काढी. कोणता रस्ता जास्त वर्दळीचा हे ठरवण्यासाठी तो विभाग आज्ञावलीची लुटुपुटीची धाव घडवून आणी. फाटा आला की नाणे उडवल्यासारखी दिशा निवडायची आणि कोणत्या भागातून किती वेळा गेलो ते मोजायचे. त्यानंतर शेल्डन बेस्ट यांचा विभाग, जास्त वर्दळीच्या भागापासून सुरुवात करून, तीन रजिस्टरांची वाटणी करी. जागा रिकामी करायची वेळ आली, तर ज्या गोष्टीची गरज सर्वांत उशिरा लागणार ती आधी बाहेर काढायची, हा त्यांचा नियम. या नियमाचे महत्त्व संगणकशास्त्रात पुढे गणिताने सिद्ध झाले. रजिस्टरांची वाटणी हे आजही कंपायलरच्या मागच्या भागाचे कळीचे काम आहे. शेवटी रॉय नट यांचा विभाग सगळे जुळवून यंत्राच्या आज्ञा पक्क्या करी.

काम कधी पुरे होणार असे वरिष्ठांनी विचारले की उत्तर ठरलेले असे, सहा महिन्यांत. असे करता करता तीन वर्षे गेली. ७०४ वर दिवसा इतरांची कामे चालत, म्हणून शेवटच्या टप्प्यात चमू रात्री यंत्रावर बसे आणि दिवसा जवळच्या एका हॉटेलात भाड्याच्या खोल्यांत झोपे. जेवणाच्या सुटीत बुद्धिबळाचे डाव रंगत. हिवाळ्यात बर्फाचे गोळे एकमेकांवर फेकले जात. बॅकस साहेबी गाजवणारे नव्हते. माणसांना मोकळे सोडायचे आणि गप्पा फार लांबल्या तर हळूच कामाची आठवण करायची, ही त्यांची पद्धत.

कंपायलर चालू लागला तेव्हा खुद्द त्याचे निर्माते चकित झाले. त्याने तयार केलेल्या आज्ञा वाचताना कधी कधी एखादा मोठा तुकडा गायब दिसे किंवा भलत्याच जागी गेलेला असे. चूक झाली असे समजून ते शोधू लागत आणि अखेर ध्यानात येई की कंपायलरचेच बरोबर आहे. माणसाला सुचली नसती अशी काटकसर त्याने केलेली असे.

पहिली चूक : एक स्वल्पविराम

१९५७ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या परिषदेत फोरट्रान जाहीर झाली. एप्रिलमध्ये पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउसच्या बेटिस प्रयोगशाळेत, जिथे अणुभट्ट्यांचे आराखडे होत, छिद्रे पाडलेल्या कार्डांचा एक गठ्ठा पोहोचला. बरोबर सूचना नव्हत्या. हा फोरट्रानचा कंपायलर असावा असा अंदाज बांधून तिथल्या लोकांनी तो चालवून पाहिला आणि स्वतः लिहिलेली एक आज्ञावली त्याला दिली. यंत्राने उत्तराऐवजी एक चूक छापली. अमक्या विधानात स्वल्पविराम राहिला आहे, असे ते सांगत होते आणि ते खरे होते. स्वल्पविराम घातला आणि पानांमागून पाने उत्तरे छापली गेली.

बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षीच्या लेखात एक उदाहरण दिले आहे. एका आज्ञावलीकाराने फोरट्रानचा एका दिवसाचा वर्ग केला आणि चार तासांत ४७ विधानांची आज्ञावली लिहिली. कंपायलरने सहा मिनिटांत तिच्या सुमारे १,००० यंत्रआज्ञा तयार केल्या. हेच काम हाताने करायला त्याला तीन दिवस लागले असते, चुका काढायचा वेळ वेगळाच, आणि एवढे करूनही वेगात म्हणण्यासारखा फरक पडला नसता. वर्षभराने, एप्रिल १९५८ मध्ये, ७०४ असलेल्या २६ ठिकाणी पाहणी झाली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी बहुतेक कामे फोरट्रानमध्ये होऊ लागली होती. नाक मुरडणाऱ्यांना आकड्यांनीच उत्तर दिले.

एक गोष्ट मात्र पहिल्या फोरट्रानमध्ये खटकणारी राहिली होती. ७०४ च्या पटावरचे दिवे आणि बटणे तपासण्यासाठी, बेरीज हाताबाहेर गेली का हे पाहण्यासाठी थेट भाषेतच खास विधाने होती. त्या यंत्रावर ती सोयीची होती, पण दुसऱ्या यंत्रावर अशी बटणेच नसत. फोरट्रान निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर पसरू लागली तसा धडा मिळाला. यंत्राचे वेगळेपण शक्यतो कंपायलरच्या मागच्या भागात ठेवावे, माणसाच्या लिखाणात शिरू देऊ नये. १९६६ साली फोरट्रानचे प्रमाण रूप ठरले, तेव्हा असली विधाने त्यात उरली नाहीत. याच सार्वत्रिकपणामुळे फोरट्रान मुंबईतही पोहोचली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक बसवला गेला, तेव्हा देशभरातल्या शास्त्रज्ञांना या भाषेत आकडेमोड करता येऊ लागली. अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्या मग कार्डांवर फोरट्रान लिहीत मोठ्या झाल्या.

पाणिनीच्या पंगतीत

बॅकस फोरट्रानवर थांबले नाहीत. १९५९ साली पॅरिसमधल्या परिषदेत त्यांनी संगणकाच्या भाषेचे व्याकरण नेमके लिहिण्याची एक पद्धत मांडली. डेन्मार्कचे पीटर नाउर यांनी ती सुधारून वापरली, म्हणून तिला दोघांचे नाव मिळाले. कमीत कमी चिन्हांत सगळे नियम बांधणारी ही पद्धत पाहून १९६७ साली एका अमेरिकी अभ्यासकाने लक्षात आणून दिले, की संस्कृतसाठी असेच काम पाणिनीने कित्येक शतके आधी करून ठेवले आहे आणि म्हणून या पद्धतीला पाणिनीचे नाव जोडावे. नाव रूढ झाले नाही, पण साम्याची चर्चा आजही होते.

आयबीएमने १९६३ साली बॅकस यांना फेलो केले, म्हणजे हवे ते संशोधन करण्याची मुभा दिली. १९७५ सालचे अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना मिळाले आणि १९७७ साली ट्युरिंग पुरस्कार. या पुरस्काराच्या व्याख्यानात बहुतेक जण आपल्या कामाचा आढावा घेतात. बॅकस यांनी आपल्याच कामावर टीका केली. फोरट्रान आणि तिच्या वंशातल्या भाषा यंत्राच्या रचनेला फार चिकटून आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. स्मृतीतून एकेक आकडा आणायचा, बदलायचा, परत ठेवायचा, या अरुंद बोळातून सगळा विचार करावा लागतो आणि माणसाची बुद्धी त्यात अडकते. त्याऐवजी गणितातल्या फलनांची जोडणी करून आज्ञावली रचावी, असा पर्याय त्यांनी मांडला. त्यांची ती भाषा स्वतः लोकप्रिय झाली नाही. पण फलनांवर आधारलेल्या भाषांच्या संशोधनाला तिने मोठी चालना दिली आणि त्यातल्या कित्येक कल्पना आज नेहमीच्या भाषांतही दिसतात.

१९९१ साली ते निवृत्त झाले आणि संगणकाच्या जगापासून बाजूला झाले. ध्यान, अंतर्मुख करणारे वाचन यांत त्यांनी मन रमवले. १९९३ साली त्यांना अभियांत्रिकीतला ड्रेपर पुरस्कार मिळाला. पत्नी बार्बरा यांचे २००४ साली निधन झाले. १७ मार्च २००७ रोजी ओरेगन राज्यातल्या अॅशलंड इथे, वयाच्या ८२ व्या वर्षी, बॅकस यांनी जगाचा निरोप घेतला.

प्रश्न तोच, यंत्रे नवी

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत मान्सूनच्या अंदाजासाठी जी गणिती प्रारूपे महासंगणकावर चालतात, त्यांचा मोठा भाग आजही फोरट्रानमध्ये लिहिलेला आहे. त्यातली विधाने वर्षानुवर्षे तशीच राहतात. खालचा प्रोसेसर मात्र दर काही वर्षांनी बदलतो आणि प्रत्येक वेळी कंपायलरच्या मागच्या भागाला नव्या आज्ञा शिकवाव्या लागतात.

हे काम नुसते यादीत नाव घालण्याइतके सोपे नसते. गुणाकार आणि बेरीज एकदम करणाऱ्या आज्ञेचेच पाहा. आयबीएमच्या १९९० सालच्या आरएस ६००० संगणकात ती होती आणि आज बहुतेक मोठ्या प्रोसेसरमध्ये आहे. दोन आज्ञांऐवजी एकच लागते, म्हणून वेळ वाचतो. पण दोन आज्ञांमध्ये उत्तर दोनदा जवळच्या आकड्याला आणले जाते, या एका आज्ञेत एकदाच. त्यामुळे उत्तर सहसा अधिक अचूक येते, तरी शेवटच्या अंकात वेगळे येऊ शकते. हवामानाच्या गणितात असा बारीक फरक काही दिवसांच्या अंदाजात वाढत जातो. जुन्या यंत्रावरच्या उत्तराशी नवे उत्तर ताडून पाहणाऱ्याला मग कोडे पडते, की आज्ञावली बिघडली की फक्त आज्ञा बदलली? म्हणून अशी आज्ञा आपणहून वापरावी की नाही, हे कंपायलरला सांगण्याची सोय ठेवावी लागते. वेगाबरोबर विश्वासही सांभाळावा लागतो.

बॅकस यांच्या चमूसमोर तीन रजिस्टरे आणि मोजक्या खास आज्ञा होत्या. आजच्या कंपायलरसमोर शेकडो आज्ञा आणि अनेक रजिस्टरे आहेत. तरीही विचारायचे प्रश्न तेच आहेत. ही आज्ञा खरोखर वेळ वाचवते का, ती लावल्याने अर्थ बदलत नाही ना आणि लिहिणाऱ्याला तिची काळजी करावी लागणार नाही ना? या तिन्ही कसोट्यांना उतरणारा दुभाषा बनवता येतो, हे बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ सालीच दाखवले होते. शेतकऱ्याला पावसाचा अंदाज मिळतो तेव्हा त्यामागे समीकरणे लिहिणारा शास्त्रज्ञ असतोच. पण त्या शास्त्रज्ञाला प्रोसेसरच्या आज्ञा पाठ कराव्या लागत नाहीत. पाठांतराला कंटाळून वैद्यकशास्त्र सोडलेल्या माणसाने त्या पाठांतरातून बाकीच्यांचीही सुटका करून ठेवली आहे.